मांजराच्या अंगाला काही लावण्यापूर्वी

तुमचं मांजर काही दिवसांपासून सारखं खाजवतंय. मानेवर टक्कल पडलंय, किंवा कानाच्या कडेला खपली धरलीय. घरातलं कुणीतरी म्हणतं, खोबरेल लावून बघा. शेजारच्या काकू गंधक सुचवतात. औषधांच्या डब्यात कुणाच्या तरी गजकर्णासाठी आणलेली अर्धी ट्यूब पडलेलीच असते. ती हातात घेतली असेल, तर कृपा करून खाली ठेवा. आधी हे वाचा.

मांजर दिवसातला बराच वेळ अंग चाटण्यात घालवतं. तुम्ही त्याच्या अंगाला जे लावाल ते थोड्याच वेळात त्याच्या पोटात जातं. लावायचं औषध त्याच्यासाठी खायचं औषध होतं. त्यात आणखी एक अडचण आहे. आपल्याला आणि कुत्र्याला सहज पचणारी कितीतरी औषधं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. ती शरीरात साचतात आणि विष होतात.

खाजेनं मांजर सहसा मरत नाही. खाजेवर घरी केलेल्या उपायानं मात्र मरू शकतं. म्हणून आधी काय करायचं नाही ते सांगते.

फिनाईलच्या पाण्यानं मांजराला पुसू नका. पाण्यात टाकल्यावर पाणी दुधी करणारं जंतुनाशक आपण जखमेवर वापरतो, तेही मांजराला चालत नाही. रॉकेल, टर्पेंटाइन, कापूर यांतलं काहीही अंगाला लागू देऊ नका. कडुलिंबाचं तेल मांजरांना बाधल्याची उदाहरणं आहेत. निलगिरी तेल, टी ट्री ऑइल, वासाची इतर तेलं, सगळी दूर ठेवा. पिसवा जाव्यात म्हणून त्याच्या अंथरुणात डांबरगोळ्या ठेवू नका. मुंग्यांच्या खडूची रेघ त्याच्या वावरण्याच्या जागी ओढू नका.

गजकर्णाच्या काही मलमांत सॅलिसिलिक आम्ल असतं. ते मांजराच्या पोटात गेलं तर घातक. झिंक असलेली पांढरी मलमंही नकोत. आणि दुखतंय, ताप वाटतोय म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. एका गोळीनंसुद्धा मांजर दगावू शकतं.

सगळ्यांत धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे पिसवांचे थेंब दुकानात सहज मिळतात. त्यांतल्या काहींमध्ये परमेथ्रिन नावाचं औषध असतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराच्या मेंदूवर आणि नसांवर ते हल्ला करतं. काही तासांत अंग थरथरायला लागतं, लाळ गळते, झटके येतात. दुकानदार म्हणाला की "मांजरालाही थोडं चालतं", तर ऐकू नका. खोक्यावर मांजराचं नाव आणि वजन छापलेलं असेल तरच विकत घ्या. घरात कुत्राही असेल आणि त्याला असे थेंब टाकले असतील, तर दोन-तीन दिवस मांजराला त्याच्या अंगाला अंग घासू देऊ नका.

चुकून टाकले गेलेच, तर वेळ घालवू नका. कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण घेऊन ती जागा धुवा. टॉवेलात गुंडाळा आणि औषधाचं खोकं बरोबर घेऊन थेट पशुवैद्यांकडे जा. उलटी करवायचा प्रयत्न करू नका.

हे झालं नकोचं. आता काय करायचं ते बघू.

मांजर दुपारचं पेंगत असेल तेव्हा त्याला खिडकीजवळच्या उजेडात घ्या. बळजबरी नको. डोक्यापासून शेपटीपर्यंत केस उलटे करत हळूहळू बोटं फिरवा. घाई केली तर काही दिसत नाही. पुष्कळदा डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण बोटांना बारीक बारीक खरखरीत दाणे लागतात. पाठीवर, मानेवर, शेपटीच्या बुंध्याशी. या छोट्या खपल्या असतात. त्या लागल्या की समजा, कातडीची काहीतरी तक्रार नक्की आहे.

कुठे आहे ते नीट लक्षात ठेवा. जागेवरून निम्मं कळतं. कमरेवर आणि शेपटीच्या बुंध्याशी असेल तर पिसवांचा संशय पहिला. कानाच्या कडांवर जाड खपली असेल तर खरजेचा. तोंड, डोकं, मान खाजत असेल तर खाण्यातलं काहीतरी सोसत नसण्याची शक्यता. गोल टक्कल आणि त्यावर कोंडा असेल तर बुरशी. हनुवटीवर काळे ठिपके असतील तर तिथली रंध्रं तुंबलेली. पक्कं निदान डॉक्टरच करतील, पण तुम्ही नीट बघितलेलं त्यांच्या फार कामी येतं.

पुष्कळ जण सांगतात, "आमचं मांजर खाजवत नाही, नुसते केस गळतात." बहुतेक वेळा ते केस आपोआप गळत नसतात. मांजर चाटून चाटून ते तोडतं, आणि तुमच्या नकळत तोडतं, सोफ्यामागे किंवा रात्री. पोटावर केसांचे आखूड, बोथट खुंट हाताला लागले तर ते चाटल्याचे. त्यालाही खाजच समजा.

आता पिसवा. आपल्याकडच्या उबदार, दमट हवेत त्या बाराही महिने असतात. पावसाळ्यात जास्त. मांजराच्या खाजेमागे सगळ्यांत जास्त वेळा त्याच असतात.

"आमच्या मांजराला पिसवा नाहीत, आम्ही बघितलं" असं म्हणू नका. मांजर पिसवा चाटून गिळून टाकतं, म्हणून त्या दिसत नाहीत. त्यांची विष्ठा मात्र केसांच्या मुळाशी उरते. ती शोधायची.

लिखा काढायची बारीक दातांची फणी घ्या. कमरेवरून शेपटीकडे विंचरा. फणीत आलेली काळी बारीक कचकच ओल्या पांढऱ्या कापसावर झटका. दोन-तीन मिनिटं थांबा. कचकच साधी धूळ असेल तर काळी किंवा तपकिरी तशीच राहील. भोवती तांबूस डाग पसरला तर ते पचलेलं रक्त आहे, म्हणजे पिसवा आहेत. फणीत जिवंत पिसू सापडली तर ती साबणाच्या पाण्यात बुडवा. नखानं चिरडत बसू नका, ती निसटते.

काही मांजरांना पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते. अशा मांजराला एक-दोन चावेही पुरतात. अंगावर एकही पिसू सापडत नाही आणि मांजर मात्र कंबर फाडून काढतं. म्हणून कापसावर काही आलं नाही तरी डॉक्टर अनेकदा पिसवांचाच इलाज आधी करतात. तो बरोबर असतो.

एक पिसू मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. अंडी मांजराच्या अंगावर राहत नाहीत, खाली पडतात. गादीच्या शिवणीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात, खाटेखाली. तिथे अळ्या होतात, अळ्यांचे कोश होतात. तुम्हाला अंगावर दिसतात त्या पिसवा घरातल्या एकूण पिलावळीचा लहानसा भाग असतात. कोश तर काही महिने तसेच दबा धरून बसतात. म्हणूनच एकदा औषध टाकलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा खाज आली की लोक औषधाला दोष देतात. औषधाचा दोष नसतो. घर राहून गेलेलं असतं.

तेव्हा दोन्ही एकदम करा. डॉक्टरांकडून मांजराच्या वजनाप्रमाणे थेंब किंवा गोळी घ्या. घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला, ज्याचं त्याचं औषध, एकाच दिवशी द्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना पुन्हा द्या, निदान तीन महिने. खाज थांबली म्हणून दुसऱ्या महिन्यात सोडलं की मागचे कोश फुटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

थेंब कुठे टाकायचे तेही नीट करा. मानेच्या मागे, डोक्याच्या बुंध्याशी, जिथे मांजराची जीभ पोचत नाही तिथे. केस बाजूला करून थेट कातडीवर. केसांवर टाकलेलं औषध वाया जातं. घरात दोन मांजरं एकमेकांना चाटत असतील, तर थेंब वाळेपर्यंत त्यांना वेगळं ठेवा.

घराचं काम आपल्या आज्या करायच्या तसंच करा. मांजर झोपतं ती चादर, गोधडी, उशीचा अभ्रा आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. गाद्या गच्चीवर किंवा अंगणात कडक उन्हात टाका. पिसवांच्या अळ्यांना ऊन आणि कोरडेपणा सोसत नाही. खाटेखाली, सोफ्याच्या फटीत, दाराच्या उंबऱ्याशी रोज झाडा. व्हॅक्यूम असेल तर तो फिरवा आणि पिशवी लगेच घराबाहेर टाका. फरशी साबणाच्या पाण्यानं पुसा आणि वाळेपर्यंत मांजराला बाहेरच्या खोलीत ठेवा. ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं, हे विसरू नका. कीटकनाशक फवारायला माणूस बोलावणार असाल, तर घरात मांजर आहे हे त्याला आधी सांगा आणि मांजराला त्या दिवशी दुसरीकडे न्या.

शेपटीखाली पांढरे, हलणारे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. पिसू गिळल्यानं होतो. डॉक्टरांना सांगा, जंताचं औषधही देतील.

लहान पिल्लांचं फार जपा. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लावर खूप पिसवा असतील तर त्याचं रक्त इतकं शोषलं जातं की हिरड्या पांढऱ्या पडतात. पिल्लू मलूल होतं, दूध पीत नाही. अशा वेळी उद्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोठ्यांची पावडर किंवा थेंब पिल्लाला वापरू नका. तोवर फणीनं पिसवा काढत राहा आणि पिल्लाला उबेत ठेवा.

खरूज ओळखायला त्या मानानं सोपी. ती कानाच्या कडेपासून सुरू होते. कानाची धार जाड होते, राखाडी-पिवळट खपली धरते. मग कपाळ, डोळ्यांभोवतीचा भाग, मान. मांजर चाटताना पंजाही डोक्याला लावतं, त्यामुळे पुढे पंजांवरही येते. खाज भयंकर असते. मांजर वाळत जातं. गल्लीतल्या मांजरांत ही पुष्कळ दिसते. कारण एक बारीक किडा, कातडीत भुयार करून राहणारा. तुमच्या हातावर, पोटावरही लाल पुरळ उठू शकतं, पण हा किडा माणसाच्या अंगावर वाढत नाही. मांजर बरं झालं की तुमचंही जातं. डॉक्टरांच्या औषधानं खरूज खात्रीनं बरी होते. पहिल्याच डोसात चांगला फरक दिसतो, म्हणून पुढचा डोस चुकवू नका. खपल्या ओढून काढू नका.

कानाच्या आत वेगळा किडा होतो, पिल्लांमध्ये विशेषतः. कानात सुकलेल्या चहाच्या चोथ्यासारखा काळा मळ साठतो. पिल्लू मान झटकतं, कान खाजवून मागची कातडी सोलून काढतं. कानात तेल ओतू नका. इअरबड घालू नका, मळ आत ढकलला जातो. कानाचा पडदा शाबूत आहे की नाही ते डॉक्टरांना बघू द्या, मग थेंब.

आता बुरशी, म्हणजे गजकर्ण किंवा नायटा. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण हा मांजराकडून घरातल्या माणसांना होतो आणि मग मांजराच्या जिवावर बेतते.

पिल्लाला गोल टक्कल पडतं. कडेला केस तुटलेले, मध्ये कोंडा. तोंड, कान, पुढचे पाय इथे जास्त. खाज असेलच असं नाही. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरात तर बाहेरून काही दिसतही नाही, आणि ते बुरशी घेऊन घरभर फिरत असतं. मग एक दिवस तुमच्या मुलीच्या दंडावर किंवा मानेवर, जिथे ती पिल्लाला धरते तिथे, लाल गोल चकंदळ उठतं.

घाबरू नका. हा बरा होणारा आजार आहे. पण तो कष्टानं बरा होतो, आठवड्यांनी, कधी महिन्यांनी.

मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या आणि घरात मांजर आहे हे त्यांना सांगा. औषधाच्या दुकानातून तीन-चार औषधं एकत्र केलेलं स्टेरॉइडचं मलम आणू नका. त्यानं खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, आणि आत बुरशी पसरत राहते. आपल्या देशात गजकर्ण हट्टी होण्यामागे या मलमांचा मोठा हात आहे. तेच मलम मांजराला लावणं म्हणजे दुप्पट चूक. बुरशी वाढते आणि मांजर स्टेरॉइड चाटतं.

मांजराला डॉक्टरांकडे न्या. ते जांभळ्या उजेडाच्या दिव्याखाली केस बघतील. काही केस सफरचंदी हिरवे चमकतात. चमकले नाहीत म्हणजे बुरशी नाही असं मात्र नाही. केस उपटून प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघतात, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. पोटातून औषध आणि अंगावरून औषधी पाणी किंवा शाम्पू, असा दुहेरी इलाज चालतो. केस परत आले म्हणून औषध तुम्ही थांबवू नका. ते डॉक्टर थांबवतील, तपासणी करून. मांजरी गाभण असेल तर आधी सांगा, काही औषधं तिला चालत नाहीत.

तोवर मांजराला एका खोलीत ठेवा. सहज पुसता येईल अशी खोली, गालिचा नसलेली. अंधारी कोठी नको. दिवसातून दोन-तीनदा मोठ्या माणसानं जाऊन खेळवा, जेवू घाला, मग हात साबणानं धुवा आणि कपडे बदला. वाढत्या पिल्लाला माणसं लागतात, त्याला आठवडेच्या आठवडे एकटं टाकलं तर ते बुजरं होतं. लहान मुलं, म्हातारी माणसं, केमोथेरपी चालू असलेलं किंवा फार अशक्त असलेलं माणूस, यांना त्या खोलीत जाऊ देऊ नका.

या बुरशीची बीजं गळालेल्या केसांवर दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. म्हणून केस गोळा करणं हे खरं काम. रोज ओल्या कापडानं केस टिपा. कोरडा झाडू जोरात फिरवला तर ते उडतात. कपडे, चादरी वेगळ्या धुवा, दोनदा धुवा. फरशी आणि कपाटं साबणानं घासा. ब्लीच वापरणार असाल तर भरपूर पाण्यात पातळ करा, दुसऱ्या कशात मिसळू नका, आणि वाळल्यावर पुन्हा साध्या पाण्यानं पुसा.

आणि त्याला पोत्यात घालून बाजारात सोडून येऊ नका. असं घडतं, म्हणून स्पष्ट सांगते. सोडून आल्यानं मुलीचा नायटा बरा होत नाही, बीजं घरातच असतात. पाळलेलं जनावर उपासमार होईल असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे.

बोका रात्री भांडून आला आणि दोन दिवसांनी गालावर किंवा शेपटीच्या बुंध्याशी गरम, दुखरी सूज आली, तर आत पू झालाय. मांजराचा दात बारीक असतो. वरचं भोक लगेच मिटतं आणि घाण आत राहते. ते घरी दाबून फोडू नका. डॉक्टर चिरा देऊन साफ करतील, प्रतिजैविक देतील. बोक्याची नसबंदी करून घेतलीत तर भांडणं आणि ही गळवं बरीच कमी होतात.

पावसाळ्यात जखमेवर माश्या बसतात आणि अळ्या पडतात. कुजका वास आला, जखमेत हालचाल दिसली, तर तास मोजा, दिवस नको. टर्पेंटाइन ओतायची जुनी पद्धत गुरांवर चालत आली असेल. मांजराला ती मारते.

पांढऱ्या मांजराबद्दल वेगळं सांगायला हवं. कान पांढरे आणि नाक गुलाबी असेल तर तिथल्या कातडीला उन्हापासून संरक्षण नसतं. विदर्भ-मराठवाड्यातलं ऊन, आणि मांजराला तर उन्हात पडून राहणं आवडतं. आधी कानाची टोकं लाल होतात, मग कोंडा धरतात, मग खपली येते. खपली पडते, खाली जखम, पुन्हा खपली. कानाच्या किंवा नाकाच्या शेंड्यावरची अशी जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर ती कर्करोगाची असू शकते. लवकर गेलात तर कानाचा तेवढा भाग काढून मांजर वाचतं आणि मजेत जगतं. सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत त्याला सावलीत ठेवा. आपलं सनस्क्रीन लावू नका.

खाण्याचं बघा. मांजर मांसाहारी प्राणी आहे. नुसत्या दूध-पोळीवर त्याची कातडी कोरडी आणि केस निस्तेज होणारच. दूध तर कितीतरी मोठ्या मांजरांना पचतही नाही.

दुसऱ्या बाजूनं, एखाद्या मांजराला मासे, कोंबडी किंवा बीफ सोसत नाही. वर्षानुवर्षं खाल्लेला बांगडाही एक दिवस सोसेनासा होतो. हे रक्ताच्या तपासणीत भरवशानं कळत नाही. एकच खरी परीक्षा आहे. डॉक्टर सांगतील ते एकच नवं अन्न, निदान आठ आठवडे, आणि त्याशिवाय काहीही नाही. शेजाऱ्यांकडचा मासळीचा काटा नाही, आजोबांच्या ताटातला घास नाही. एका घासानं सगळी परीक्षा वाया जाते, म्हणून आजोबांना आधी विश्वासात घ्या.

हनुवटीवरच्या काळ्या ठिपक्यांना पुष्कळदा प्लास्टिकची वाटी कारण ठरते. स्टीलची वापरा, रोज घासा. ठिपके पिळू नका. नाकाच्या दांडीवर आणि कानांवर फोड येत असतील तर डासही कारण असतात. संध्याकाळी जाळीची दारं लावा.

"मन लागत नाही म्हणून चाटतंय" हे निदान सर्वांत शेवटी मान्य करा. असं होतं, घर बदललं, नवं बाळ आलं, दुसरं मांजर आणलं तर होतं. पण मनाचं म्हणून सोडून दिलेल्या बहुतेक मांजरांना नीट तपासलं तर शरीराचंच काहीतरी सापडतं. फक्त खालच्या पोटावर चाटत असेल तर लघवीच्या पिशवीचं दुखणंही असू शकतं. आणि बोका लघवीला बसतो पण होत नाही असं दिसलं, तर त्वचा विसरा आणि धावत न्या.

म्हातारं मांजर पाठीवर कोंडा धरतं, केसांच्या गुठळ्या होतात. पुष्कळदा सांधे दुखतात म्हणून ते मागे वळून चाटू शकत नाही. लठ्ठ मांजराचंही तेच. रोज हलक्या हातानं विंचरा. गुठळी कात्रीनं कापू नका, कातडी ओढून वर येते आणि कापली जाते. मूत्रपिंड, थायरॉइड, मधुमेह यांची तपासणी एकदा करून घ्या.

डॉक्टरांकडे न्यायच्या आदल्या दिवशी अंघोळ घालू नका. कातडीवरचा पुरावा धुतला जातो. कधीपासून, कुठे, घरात आणखी कोणाला, काय खातं, आधी काय लावलं, हे कागदावर लिहून न्या. लावलेलं लपवू नका, डॉक्टर रागावणार नाहीत. फोनमध्ये खाजवण्याचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण टेबलावर ते मांजर मुळीच खाजवणार नाही. हातात धरून रिक्षात बसू नका. जाळीची पेटी नसेल तर झाकणाची वेताची टोपली चालते, आत त्याच्या वासाची चादर घाला.

कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, चिकटपट्टी लावून बघणं, केस तपासणं, एवढ्यावर पुष्कळ कळतं. या तपासण्या महाग नसतात. त्या न करताच कुणी खाज थांबवायची सुई द्यायला निघालं, तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, ही स्टेरॉइडची आहे का? कारण काय असेल?" स्टेरॉइड वाईट नाही, काही आजारांत तेच लागतं. पण लांब टिकणाऱ्या सुया पुन्हा पुन्हा घेतल्यानं मांजराला मधुमेह होऊ शकतो, आणि कारण तर तसंच राहतं.

मांजरानं जखम चाटू नये म्हणून डॉक्टरांनी गळ्यात कॉलर दिली तर ती काढू नका. बिचारं वाटतं, कळतं मला. पण अर्ध्या तासाच्या चाटण्यानं आठवड्याची भरलेली जखम उघडी पडते. जेवताना समोर बसून काढा, जेवण झालं की पुन्हा घाला.

खर्चाची चिंता असेल तर तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथे गाई-म्हशीच बघतात असं समजून लोक जात नाहीत. मुंबईत परळला 1886 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीरलाही महाविद्यालयं आहेत.

सोसायटीतल्या, गल्लीतल्या मांजराला खरूज दिसली तर त्याला हाकलून प्रश्न सुटत नाही, ते शेजारच्या इमारतीत जाऊन चार मांजरांना देतं. चार घरांनी मिळून पैसे काढा. डॉक्टरांना फोटो दाखवा आणि इलाज विचारा. काही औषधं मानेवर टाकायची असतात, ती ते जेवत असताना टाकता येतात. पकडावंच लागलं तर उघड्या हातांनी पकडू नका, सराव असलेल्या प्राणिमित्राला बोलवा, आणि त्याच फेरीत नसबंदी आणि रेबीजची लस करून घ्या.

इलाज करताना मांजर चावलं किंवा ओरबाडलं, घरचं असो की बाहेरचं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा आणि तारखा ठरवून मिळतील त्या सगळ्या पाळा.